पुस्तिका हरवलेला जुना मदरबोर्ड पुन्हा कसा जिवंत करतात?

माळ्यावरच्या खोक्यात किंवा भंगाराच्या ढिगात कधीकधी १९९०च्या दशकातला मदरबोर्ड सापडतो. त्यावर ना कंपनीचं नाव, ना मॉडेल नंबर. फार तर 'मेड इन तैवान' एवढंच. ४८६ प्रोसेसरच्या काळात तैवानमधून असे बेनाव बोर्ड ढिगाने बाहेर पडले आणि जगभरच्या 'असेम्बल्ड' कॉम्प्युटरमध्ये बसले. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा अशा कॉम्प्युटरचा मोठा बाजार होता. बोर्डासोबतची पातळ पुस्तिका मात्र बहुतेक घरांतून कधीच रद्दीत गेली.

पुस्तिका नसेल तर बिघडलं कुठे? तर, हे बोर्ड आजच्यासारखे प्रोसेसर ओळखून स्वतःला जुळवून घेत नाहीत. व्होल्टेज किती, वेग किती, हे सगळं जंपरने सांगावं लागतं. जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी प्लॅस्टिकची इवलीशी टोपी. ४८६ डीएक्स२ बहुधा ५ व्होल्टवर चालतो, इंटेलचा डीएक्स४ मात्र ३.३ वर. टोपी चुकीच्या जागी असली तर दुर्मिळ प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. म्हणून बोर्ड हाती लागल्याबरोबर वीज जोडून 'बघू चालतोय का' करणं हा सगळ्यात वाईट उपाय.

पहिलं काम बॅटरीचं. कीबोर्डच्या सॉकेटजवळ बहुधा पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटून झिरपते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते. निळसर-हिरवी पुटं दिसली की समजायचं. पुष्कळ जण याला ॲसिड समजून खायचा सोडा लावतात, पण तो द्राव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे ॲसिडच्या अगदी उलट, अल्कली असतो. त्यावर व्हिनेगर लागतं. मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवायचा. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे हातमोजे हवेतच. तुटलेल्या रेषा बारीक तारेने डाग देऊन जोडतात.

आता ओळख पटवायची. बायॉसची चिप सॉकेटमधून काढून प्रोग्रामर नावाच्या यंत्रात वाचली, तर आत एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. एएमआयच्या बायॉसमध्ये त्यातच बोर्ड बनवणाऱ्याचा क्रमांक दडलेला असतो. ही प्रत जपून ठेवावी, कारण या चिपमधला डेटा काही दशकांनी पुसट होऊ लागतो. चिपच्या काचेच्या खिडकीवरचा स्टिकर काढू नये. अतिनील प्रकाशाने आतलं सगळं पुसलं जातं.

ओळखक्रमांक, चिपसेट आणि जंपरची मांडणी यांवरून 'टोटल हार्डवेअर ९९' हा जुना संग्रह किंवा 'द रेट्रो वेब' इथे बोर्ड सापडला, तर निम्मं काम झालं.

नाही सापडला तर खरी मेहनत. मल्टिमीटर 'कंटिन्युइटी'वर ठेवून एकेक जंपर कुठे जातो ते शोधायचं. प्रोसेसरच्या कोणत्या पिनला काय काम, हे इंटेलच्या कागदपत्रांत छापलेलं आहे, त्यामुळे दुसरं टोक पक्कं असतं. वेगाचे जंपर क्लॉक चिपकडे जातात आणि तिच्याजवळ बहुधा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिसतो. व्होल्टेजचे जंपर रेग्युलेटरकडे. असा तक्ता कागदावर उतरवायला कित्येक संध्याकाळी जातात. याच शोधात कधी गंमतही कळते. काही स्वस्त बोर्डांवरच्या कॅश मेमरीच्या चिप चक्क नकली, नुसती प्लॅस्टिकची ठोकळी असत!

वीज देण्याआधी ५ व १२ व्होल्टच्या तारा जमिनीशी, म्हणजे काळ्या तारेशी, शॉर्ट नाहीत ना ते तपासतात. १२ व्होल्टवरचे टँटलम कपॅसिटर यात हमखास दोषी निघतात. वीजपुरवठ्याचे दोन जोड लावताना काळ्या तारा मध्ये, एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटसुलट लावले तर बोर्ड जळू शकतो.

सुरुवातीला फक्त प्रोसेसर, रॅम, व्हिडिओ कार्ड आणि स्पीकर. ३० पिनांची रॅम असेल तर चार पट्ट्या एकदम लागतात, कारण एक पट्टी ८ बिटांची आणि ४८६ ला ३२ बिट हवे असतात. स्क्रीन काळीच राहिली तर स्लॉटमध्ये 'पोस्ट कार्ड' बसवतात. तपासणी जिथे अडली तिथला आकडा ते दाखवतं. एएमआय बायॉसचे तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी मेमरीत दोष, सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलरच्या बाजूचा बिघाड. झिरपलेली बॅटरी कुठे होती ते आठवलं की सहा बीपचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

बोर्ड सुरू झाला की नवी बॅटरी. इथे नाण्यासारखा लिथियम सेल थेट जोडू नये, कारण बोर्ड त्याला चार्ज करायला जातो आणि तो सेल चार्ज होणारा नसतो. मध्ये एक डायोड घातला की तो प्रवाह अडतो, आणि सेल फुटण्याचा धोका टळतो.