दप्तर आणि उतारा

बंगळूर शहरात कब्बन उद्यानाच्या कडेला, विधानसौधाच्या समोर, तांबड्या रंगाची एक लांबरुंद इमारत उभी आहे. तिला अठारा कचेरी म्हणतात. १८६४ ते १८६८ या वर्षांत म्हैसूरच्या कारभाराची खाती एका छपराखाली आणण्यासाठी ती बांधली गेली. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. अठरा ही संख्या मात्र इमारतीहून बरीच जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरचा राजा चिक्कदेवराज याने आपल्या राज्याचा कारभार अठरा खात्यांत वाटला, तेव्हापासून हे नाव चालत आले आहे. राजा बदलला, राज्य बदलले, तरी कचेरीचे नाव तेच राहिले, आणि कचेरीतील मुख्य कामही तेच राहिले. जमीन कोणाची, किती आणि कशी, हे लिहून ठेवणे व मागेल त्याला त्याचा उतारा देणे, हे ते काम होय.

या कामाशी मराठी भाषेचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्याबरोबर या मुलखात मराठी कारकून आले, मोडी लिपी आली आणि हिशेबाची मराठी परिभाषाही आली. १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरकरांच्या हाती गेले, पण लेखणी धरणारे लोक तेथेच राहिले. हैदर आणि टिपू यांच्या काळात सरकारी हिशेब कानडी, मराठी आणि फारसी अशा तीन भाषांत ठेवले जात. एकच रक्कम तीन कारकून तीन लिपींत लिहीत. टिपूच्या पश्चात दिवाण झालेले पूर्णय्या याच परंपरेतील कारभारी होते. तीन भाषांची ही व्यवस्था खर्चिक असली तरी निरर्थक नव्हती. एका दप्तरात खाडाखोड झाली, तर ती उघडकीस आणायला दुसरे दप्तर साक्षीला असे. लिहिणाऱ्या माणसावर विसंबून राहू नये, हे शहाणपण त्यामागे होते.

जमिनीच्या कागदाचा खरा प्रश्न हाच आहे. नोंद सरकारची, जमीन शेतकऱ्याची, पण दोघांच्या मध्ये बसतो तो लिहिणारा. महाराष्ट्रात त्याला कुलकर्णी म्हणत, म्हैसुरात शानभोग म्हणत. गावातील कोणते शेत कोणाचे, त्यात काय पिकले, त्यावर किती सारा बसला आणि किती वसूल झाला, हे सर्व त्याच्या खरड्यात असे. शेतकऱ्याला त्या खरड्यातील चार ओळी हव्या असल्या, तर त्या उतरवून देणारा हात एकच होता. तो हात प्रामाणिक असला तर गाव सुखी असे. तो वाकडा असला तर मात्र दाद मागायला दुसरा कागदच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाने या खरड्याला शास्त्राची शिस्त लावण्याचे मनावर घेतले. पहिला प्रयत्न पुणे जिल्ह्यातच झाला, आणि तो फसला. रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास जमिनीची मोजणी आरंभिली. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शंभरातील पंचावन्न भाग सरकारने घ्यावेत, असा त्याचा सिद्धांत होता. कोष्टके चोख होती. परंतु त्या कोष्टकांत भरलेले आकडे हाताखालच्या माणसांनी आणलेले होते. कोठे मोजणी चुकली, कोठे प्रत चुकली, तर कोठे पैसे घेऊन आकडा फिरवला गेला. १८३० मध्ये या मोजणीवर आधारलेला सारा लागू झाला आणि थोड्याच वर्षांत इंदापूर तालुक्यातील पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनी ओस टाकल्या. नमुना निर्दोष आणि भरणा सदोष, असे या प्रकरणाचे सार सांगता येईल.

ही चूक सुधारण्यासाठी १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विनगेट हे दोघे अधिकारी त्याच इंदापुरात कामाला लागले. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला आणि साखळी हातात घेतली. तेहतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप त्यांनी रूढ केले. मातीचा रंग व खोली पाहून तिच्या नऊ प्रती ठरवल्या. सारा तीस वर्षांसाठी कायम केला. परंतु या कामातील सर्वांत टिकाऊ गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक शेताला त्यांनी एक क्रमांक दिला. त्यापूर्वी शेत ओळखले जाई ते धन्याच्या नावाने, नाहीतर आंब्याचे, विहिरीचे, वड्याकाठचे अशा खुणेने. धनी मरतो, आंबा वठतो, ओढा पात्र सोडतो, क्रमांक मात्र जागचा हलत नाही. सर्व्हे नंबर सांगितला की त्या शेताची सगळी हकीकत दप्तरातून काढता येऊ लागली.

मुंबई इलाख्याची ही पद्धत पुढे म्हैसुरानेही स्वीकारली. १८६३ मध्ये तेथे नवी मोजणी सुरू झाली ती याच धर्तीवर. अठारा कचेरीचे बांधकाम आणि ही मोजणी एकाच काळातील आहेत. इंदापूरच्या माळावर ठरलेला गुंठा अशा रीतीने कावेरीच्या खोऱ्यात पोचला. आज कर्नाटकातील शेतकरी ज्या कागदाला पहाणी म्हणतो, तो मराठी माणसाच्या कानाला परका वाटत नाही, कारण पाहणी करून लिहिलेला तोच हा खरडा आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली आणि गावच्या दप्तराचे ठरावीक नमुने तयार झाले. फेरफाराचा नमुना सहा, मालकी व हक्काचा नमुना सात, पिकांचा नमुना बारा. सात आणि बारा एका कागदावर आले, तो सातबारा. म्हणजे सातबारा हा मुळातच भरलेला नमुना आहे. चौकटी सर्व गावांना सारख्या, आणि चौकटीतील मजकूर प्रत्येक शेताचा वेगळा.

स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरेची गावकामगारी गेली. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने नष्ट झाली, म्हैसूर राज्यात १९६१ च्या कायद्याने गावची वंशपरंपरागत पदे रद्द झाली. वतनदाराच्या जागी पगारी नोकर आला. महाराष्ट्रात तो तलाठी झाला, कर्नाटकात ग्रामलेखापाल झाला. परंतु दप्तर त्याच्याच पेटीत राहिले आणि उताराही त्याच्याच हाताचा राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात असे सुमारे नऊ हजार ग्रामलेखापाल होते आणि एकेकाकडे तीन-चार गावे असत. बियाण्यासाठी कर्ज काढायचे असो, कोर्टात जामीन राहायचे असो की जमीन विकायची असो, पहाणीवाचून पाऊल पुढे पडत नसे. सरकारी फी दोन रुपये होती. प्रत्यक्षात द्यावे लागे ते त्याच्या कितीतरी पट, आणि शिवाय हेलपाटे पडत ते निराळेच.

या व्यवस्थेवर यंत्राचा उपाय योजावा ही कल्पना प्रथम केंद्र सरकारच्या योजनेतून आली. १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडले गेले आणि त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. कर्नाटकात १९९१ मध्ये गुलबर्गा जिल्ह्यापासून आरंभ झाला. हे सुरुवातीचे प्रयोग फारसे फळले नाहीत. नोंदी संगणकात भरल्या जात, पण गावात हस्तलिखित दप्तर चालूच राही आणि उतारा तेथूनच मिळे. काही महिन्यांत यंत्रातील माहिती शिळी होई आणि मग तिला कोणी विचारीत नसे.

बंगळूरच्या महसूल खात्याने १९९९ पासून हाती घेतलेली ‘भूमी’ योजना यशस्वी झाली, ती या अनुभवातून धडा घेतल्यामुळे. राजीव चावला हे सनदी अधिकारी या योजनेचे प्रमुख होते, आणि तिची संगणक-प्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केली. सुमारे दोन कोटी उतारे आणि सदुसष्ट लाख खातेदार एवढा तो पसारा होता. २००२ पर्यंत राज्यातील सर्व तालुक्यांत संगणक बसले. परंतु संगणक बसवण्याहून महत्त्वाचा निर्णय दुसराच होता. ज्या तालुक्याच्या नोंदी भरून व तपासून झाल्या, त्या तालुक्यात हाताने लिहिलेल्या पहाणीला कायद्याने किंमत उरणार नाही, असे अधिसूचनेने जाहीर करण्यात आले. दोन दप्तरे समोरासमोर ठेवण्याऐवजी एकच दप्तर ठेवायचे, आणि ते यंत्रातले, असा हा निर्णय होता.

या दप्तराची रचना समजून घेण्याजोगी आहे. यंत्रात पहाणी हा कागद कोठेच साठवलेला नसतो. तेथे निरनिराळी कोष्टके असतात. एकात सर्व्हे नंबर व क्षेत्र, दुसऱ्यात खातेदारांची नावे, तिसऱ्यात बोजे, चौथ्यात पिके, अशी ती विभागलेली असतात. कोरा नमुना निराळा असतो. शेतकरी खिडकीपाशी येऊन क्रमांक सांगतो, तेव्हा यंत्र त्या क्रमांकाच्या आधारे प्रत्येक कोष्टकातून त्या शेताची ओळ उचलते, नमुन्याच्या चौकटीत भरते आणि छापून देते. मागणी होईपर्यंत तो उतारा अस्तित्वात नसतो, आणि मागणीच्या क्षणी जी नोंद खरी, तीच त्यात उतरते. काल कर्ज फिटल्याची नोंद झाली असेल, तर आजच्या उताऱ्यात बोजा दिसत नाही. पंधरा रुपयांत, काही मिनिटांत, कोणाचीही मनधरणी न करता हा कागद मिळू लागला. काही केंद्रांत पडदे दोन ठेवले, एक कर्मचाऱ्याकडे व एक शेतकऱ्याकडे तोंड केलेला. पुढे ही माहिती इंटरनेटवर आली आणि दूरच्या शहरात राहणाऱ्यालाही आपल्या शेताचा क्रमांक घालून नोंद पाहता येऊ लागली.

फेरफाराच्या बाबतीतही यंत्राने एक बंधन घातले. जो अर्ज आधी आला, तो आधी निकाली निघाला पाहिजे. मधला अर्ज उचलून पुढे सरकवण्याची सोय त्यात ठेवली नाही. नोंद बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा दिल्याखेरीज दप्तर उघडत नसे, त्यामुळे बदल कोणी केला हे लपून राहत नसे. टिपूच्या काळी तीन लेखण्या एकमेकींवर पहारा ठेवीत, तो पहारा आता बोटाच्या ठशाकडे आला.

तरीही प्रिंगलच्या कोष्टकांनी विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला. नमुना निर्दोष आहे, पण भरणा कोठून आला? भूमीच्या कोष्टकांत भरलेल्या नोंदी जुन्या हस्तलिखित वह्यांतूनच उचललेल्या होत्या. ग्रामलेखापालांनी त्या तपासल्या, दुरुस्त्याही झाल्या. परंतु जेथे वडील वारून वर्षे लोटली तरी वारसांची नावे लागलेली नव्हती, जेथे भावांनी बांध घालून वाटणी केली होती पण कागदावर शेत एकच होते, तेथे यंत्राने जुनीच गोष्ट नव्या अक्षरांत सांगितली. हस्तलिखितावर शंका घेण्याची सवय गावाला होती, छापील कागद मात्र आपोआप खरा वाटतो. शिवाय यंत्रातील नाव बदलायचे म्हणजे आता तालुक्याच्या गावी जाणे आले.

बंगळूरच्या परिसरात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. शहर चहूबाजूंनी वाढत होते आणि आजूबाजूच्या खेड्यांतील जमिनीला सोन्याचा भाव आला होता. सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे प्रतिपादन केले की, नोंदी एका जागी व सहज पाहता येतील अशा झाल्याने मोठ्या खरेदीदारांना जमिनी हेरणे सोपे झाले, आणि लाचलुचपत नाहीशी न होता वरच्या पायरीवर सरकली. हे मत सर्वांना मान्य नाही. पहाणीसाठी ज्याला पूर्वी चार वेळा तालुक्याला खेपा घालाव्या लागत, त्या शेतकऱ्याचा अनुभव निराळा आहे आणि तोही खोटा नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उघडे दप्तर सर्वांना दिसते, पण त्याचा उपयोग करून घेण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते.

महाराष्ट्राने हाच मार्ग थोड्या उशिराने आणि वेगळ्या रीतीने आक्रमिला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज उरली नाही. परंतु त्याच्या आधीच्या वर्षी, २०१७ मध्ये, राज्यभर आणखी एक गोष्ट करण्यात आली. तिला चावडी-वाचन असे नाव होते. संगणकातून छापलेले सातबारे घेऊन तलाठी गावोगाव बसले आणि प्रत्येक शेताची नोंद सर्वांच्या देखत मोठ्याने वाचली गेली. या नावात चूक आहे, हे क्षेत्र कमी लागले आहे, ही विहीर सामाईक आहे, असे ज्याला वाटले त्याने तेथेच हरकत घ्यावी, अशी ती योजना होती.

यंत्र क्षणात नमुना भरते. पण कोणत्या शेतावर कोणाचा घाम पडला आणि कोणत्या बांधावरून दोन भाऊ बोलेनासे झाले, हे यंत्राला ठाऊक नसते, गावाला असते. म्हणून उतारा छापण्याचे काम बंगळूरच्या किंवा पुण्याच्या यंत्राने करावे आणि तो वाचून पाहण्याचे काम चावडीने करावे, हीच विभागणी योग्य म्हणावी लागेल. ज्या शेतकऱ्याने आपला उतारा काढला पण वाचला नाही, त्याच्या हाती कागद आला तरी दप्तर आलेले नाही.