मधुमेह आणि व्यायाम : एका जुन्या उपचाराचा इतिहास

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं तेथेंच झाला. पुढें नाशिकजवळच्या टाकळीस राहून ते नित्य बाराशें सूर्यनमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. आणि ठिकठिकाणीं मारुतीची स्थापना करून त्यांनीं महाराष्ट्रास बलोपासनेचा मार्ग दाखविला, हें तर सर्वश्रुतच आहे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, तोही याच मार्गावरचा. परंतु ही बलोपासना मुख्यतः धडधाकट माणसांची होती. रोग्यानें व्यायाम करावा, किंबहुना व्यायाम हेंच त्याचें एक औषध असावें, हा विचार निराळा आहे. आणि त्याचा इतिहास समर्थांच्याही फार पूर्वींचा आहे.

सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना दिवसा झोंप, आळस आणि व्यायामाचा अभाव यांची गणना केली आहे. प्रमेही दोन प्रकारचे मानले आहेत. एक जन्मतःच रोगाचें बीज घेऊन आलेला, तो कृश. दुसरा अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला, तो बहुधा स्थूल. स्थूलास कुस्ती, घोड्याहत्तीवरची रपेट व पायीं भ्रमण सांगितलें आहे. निर्धनानें भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत, शंभर योजनें चालावें. नाहीं तर गाईंमागें हिंडावें, शेत नांगरावें अथवा विहीर खणावी. कृशास मात्र सदैव जपावें. व्यायामाची मर्यादाही त्याच ग्रंथांत आहे : आपल्या बळाच्या निम्म्यानेंच श्रम करावे. धांप लागूं लागली कीं ती मर्यादा आली असें समजावें.

युरोपांत हा विचार एकोणिसाव्या शतकांत पुढें आला. पॅरिसचे डॉक्टर बुशार्दा आपल्या मधुमेही रोग्यांना मिताहार व अंगमेहनत सांगत. १८७०-७१ मध्यें पॅरिसला वेढा पडला व अन्नाचा तुटवडा झाला, तेव्हां कित्येक रोग्यांच्या लघवींतील साखर नाहींशी झाल्याचें त्यांनीं पाहिलें. पुढें १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिनचा शोध लावला. आतां व्यायामाची गरज संपली, असें वाटण्याचा तो काळ. परंतु झालें उलटेंच. स्वतः मधुमेही असलेले लंडनचे डॉक्टर लॉरेन्स यांनीं १९२६ सालीं दाखवून दिलें कीं, श्रमामुळें इन्शुलिनचा परिणाम वाढतो. बोस्टनचे डॉक्टर जॉस्लिन हे आहार, इन्शुलिन व व्यायाम यांना एकाच रथाच्या तीन घोड्यांची उपमा देत.

यामागचें कारण आज स्पष्ट झालें आहे. स्नायू काम करूं लागले कीं, ते इन्शुलिनची वाट न पाहतां रक्तांतील साखर आंत ओढून घेतात. आणि श्रम थांबल्यावरही एक-दोन दिवस त्यांना इन्शुलिन अधिक मानवतें. चीनमधील दाचिंग येथें १९८६ सालीं आरंभिलेल्या पाहणींत हा रोग होण्याच्या उंबरठ्यावरचे ५७७ लोक घेतले होते. त्यांपैकीं केवळ व्यायाम करणाऱ्यांतही रोग पुष्कळ कमी झाला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, कांहींही न बदलणाऱ्यांपैकीं तीन वर्षांत शेंकडा ५५ जणांना मधुमेह झाला. आहार व चालणें सुधारणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें.

"शेतांत राबणाऱ्याला हा रोग होत नाहीं," ही समजूत खेड्यापाड्यांत अजून ऐकूं येते. पुण्याच्या डॉ. याज्ञिक यांनीं आसपासच्या खेड्यांतील बाळांची पाहणी करून २००३ सालीं दाखविलें कीं, आपल्याकडील बाळ वजनानें हलकें असलें तरी त्याच्या अंगांत चरबीचा अंश राखून ठेवलेला असतो. म्हणजे दिसायला सडपातळ माणूसही निर्धास्त नाहीं. शिवाय मोटेच्या जागीं विजेचा पंप आला, पायवाटेच्या जागीं मोटारसायकल आली. सुश्रुतानें औषध म्हणून सांगितलेले श्रम घनसावंगीच्या शेतकऱ्याच्या दिनक्रमांतूनही गळूं लागले आहेत.

येथें भौतिकोपचाराचें, म्हणजे फिजिओथेरपीचें, काम सुरू होतें. स्वीडनमध्यें लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढली, तेथून ही विद्या वाढली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तिचें शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सुरू झालें. रोग्याचे सांधे, हृदय, डोळे व पाय पाहून कोणाला काय झेपेल तें ठरविणें, हें या विद्येचें सार. तिला आखाडा लागत नाहीं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चालणें, खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें-बसणें, दाराची चौकट धरून टांचा उचलणें, भिंतीला हात लावून दंड काढणें, एवढें घरांतही होतें. आठवड्यास एकंदर दीडशें मिनिटें चालणें व दोन-तीन दिवस असे स्नायूंचे व्यायाम, हें आजचें प्रमाण आहे. इन्शुलिन घेणाऱ्यानें जवळ साखर ठेवावी; घाम, थरथर वा भोंवळ आली तर लगेच थांबून ती खावी. डोळ्यांच्या पडद्यांत रक्तस्राव झालेल्यानें श्वास कोंडून जड वजन उचलूं नये.

मात्र एका बाबतींत जुन्या ग्रंथाचें ऐकूं नये. त्यांत निर्धन रोग्यानें अनवाणी चालावें असें म्हटलें आहे. जुन्या मधुमेहांत पायांची संवेदना हरपते. कांटा रुतला, वहाण चावली, तरी कळत नाहीं, जखम चिघळते आणि शेवटीं पायच कापावा लागतो. शेतांत काय, वारींत काय, मऊ व मापाचें पादत्राण हवेंच. आणि रात्रीं दिव्याजवळ दोन्ही तळवे पाहण्याची संवय हवी. स्वतःला दिसत नसेल तर मुलानें अथवा सुनेनें पाहावे. व्यायामाचा लाभ पायांवर चालूनच मिळावयाचा. म्हणून पाय राखणें हा त्या व्यायामाचाच पहिला धडा होय.