धूरवायूंतील गंधकाचे निष्कासन
दगडी कोळशावर चालणाऱ्या बाष्पित्रांच्या धूरवायूंतून सल्फर डाय-ऑक्साइड वेगळा काढण्याची प्रक्रिया. गंधक जळल्यावर त्याच्या वजनाच्या दुप्पट सल्फर डाय-ऑक्साइड तयार होतो; ०.५% गंधक असलेला १,००० टन कोळसा जाळल्यास सु. १० टन वायू बाहेर पडतो. तो श्वसनमार्गाला अपायकारक असून त्याने पिकांची पाने करपतात. उंच धुराड्यामुळे तो विरळ होऊन दूर जातो, नाहीसा होत नाही. मात्र तो अम्लधर्मी असल्याने क्षारीय द्रवाने धुऊन काढता येतो.

हे तत्त्व जुने आहे. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३० नंतरच्या दशकात थेम्स नदीच्या पाण्यात खडू मिसळून धूरवायू धूत असत. पुढे पाण्यात कालवलेल्या चुनखडीच्या पुडीचा वापर रूढ झाला. तीत जिप्सम हे उपपदार्थ म्हणून मिळते.

समुद्राचे पाणी स्वभावतःच किंचित क्षारीय असल्याने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेच वापरले गेले. मुंबईत ट्रॉम्बे येथील टाटा वीज केंद्रात १९८८ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली. डहाणूच्या ५०० मेवॉ. केंद्रास १९८९ मध्ये पर्यावरणीय मंजुरी देताना या यंत्रणेची अट होती. केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले, यंत्रणा मात्र २००७ मध्ये. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात ती उभी राहण्यास रहिवाशांची न्यायालयीन लढाई आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाचा पाठपुरावा कारणीभूत झाला.

घोड व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील शिरूर आणि दौंड तालुक्यांना समुद्राचा हा आधार नाही. तेथील साखर कारखान्यांच्या बाष्पित्रांत मुख्यतः उसाची चिपाडे जाळतात. त्यांत गंधक अत्यल्प असतो. रांजणगाव व कुरकुंभ यांसारख्या अंतर्भागातील औद्योगिक वसाहतींत कोळसा जाळावयाचा झाल्यास कमी गंधकाचा कोळसा निवडणे किंवा चुना अथवा दाहक सोडा यांच्या विद्रावाने धूरवायू धुणे, हे मार्ग उरतात. धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया न केल्यास हवेतील दूषण ओढ्यांत व विहिरींत उतरते.

औष्णिक वीज केंद्रांसाठी केंद्र शासनाने ७ डिसेंबर २०१५ रोजी या वायूच्या मर्यादा ठरविल्या. मुदती अनेकदा वाढविल्यानंतर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना धुराड्याच्या उंचीच्या अटीवर त्यांतून सूट देण्यात आली.