गोषा

१७. गोषा : कोल्हापूरच्या सरदार-जहागीरदार घराण्यांत पाळला जाणारा पडदा. गोषातली बाई पडदे सोडलेल्या मेण्यातून किंवा बंद गाडीतून जाई; उतरली की गाडीपासून दारापर्यंत दोन्ही अंगांनी कनात धरत. शेतात भांगलणाऱ्या कुणब्याच्या सुनेला हे परवडणारं नव्हतं, तिला डोक्यावरचा पदर पुरे. गोषा होता तो घराण्याच्या इभ्रतीसाठी, आणि हातात चार पैसे खेळू लागले की नवी घराणीही आधी सुनांना आत बसवत. गंमत म्हणजे कोल्हापूरच्या गादीच्या संस्थापक ताराबाई १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर स्वतः मोगलांविरुद्धचं युद्ध चालवीत होत्या.

बडोद्यात महाराणी चिमणाबाईंनी जाहीरपणे पडदा सोडला, त्याची चर्चा इथल्या वाड्यांतही झाली असणारच. कोल्हापुरात १९१८ मध्ये राजपुत्र शिवाजी शिकारीत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांच्या होत्या. शाहू महाराजांनी या विधवा सुनेला वाड्याच्या आड न ठेवता कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. पुढे इंदुमतीदेवींनीच शहरात मुलींसाठी शिक्षणसंस्था काढल्या. या पुस्तकाच्या लेखिकेच्या सासूबाई याच काळातल्या. त्यांनी ‘गोषा सोडला’ म्हणजे बंद गाडी आणि कनात गेली, इतकंच. थोरल्या दिरासमोर पदर शेवटपर्यंत कपाळावर होता. घराण्यातल्या आजच्या सुनांच्या डोक्यावर तो लग्नकार्यात फोटोपुरता येतो.