म्हातारपणाचा तुकडा

आमच्या मोहोळ तालुक्यातल्या वाटण्यांच्या गोष्टी सांगताना आजी एका तुकड्याचा उल्लेख कधी चुकवायची नाही. पोरांत रान वाटून दिलं तरी म्हाताऱ्या-म्हातारीच्या नावचा तुकडा तसाच राखायचा. जो भाकरी घालील, हागणं-मुतणं काढील, त्यानं तो कसायचा. दोघांची माती झाली की मग त्याची वाटणी. "फुकट कोण करतंय व्हय? रानाकडं बघून तर करतील," असं ती बिनदिक्कत म्हणे. मायेवर तिचा फारसा भरवसा नव्हता. मला वाटतं, म्हणूनच ती रीत टिकली.

तिच्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि ते कित्येक वर्षं सोप्यात पडून होते. खर्च काय? ज्वारीच्या कण्या, म्हशीचं दूध, चोळायला तेल. चोळायला येणाऱ्या म्हाताऱ्या न्हाव्याला सुगीत खळ्यावर मापानं ज्वारी. दुखणं रानातच पिकायचं आणि रानातच फिटायचं. त्या सगळ्यात सुनांची कंबर मोडली, तिचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. त्याआधीची, 1918च्या मानमोडीची हकीकत ती सासूकडून ऐकलेली सांगे: त्या साथीनं रान नेलं नाही, कसणारे नेले. सावकाराचं खत झालं ते दिवसकार्यासाठी.

आता अण्णांचं. माझे थोरले चुलते. पक्षाघात झाला तेव्हा सोलापुरातल्या दवाखान्याचं बिल जनआरोग्य योजनेतून भागलं. 2012 साली ही योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला जिल्हा होता. तिनं कितीतरी घरांची जमीन वाचवली, हे मान्यच. पण डिस्चार्जच्या कागदाशी योजना संपते, अंथरूण तिथून सुरू होतं. नाकातली नळी, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, दर दोन तासांनी कूस बदलणं. काकूंचे स्वतःचे गुडघे गेलेले, पोरं पुण्यात. शेवटी शहरातल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. महिना पंचवीस हजार, एक तारखेला.

आणि रानात काय, तर ऊस. कायद्यानं ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत; ते कधी मिळतात, हे शेतकऱ्याला विचारू नये. वेळेवर मिळाले तरी वर्षातून एकदाच. केंद्राला दरमहा हवेत. मधली फट आधी सोसायटीच्या कर्जानं भरली, मग काकूंच्या पाटल्यांनी, मग रान काढलं.

पाच गुंठ्यांच्या पैशात वर्ष निघालं असतं. पण 1947च्या तुकडेबंदी कायद्यानं तेवढं विकता येत नाही. 2023मध्ये मर्यादा खाली आणली तरी बागायतीला ती 10 गुंठे आहे. नोटरीवर उरकू, असं सांगणारे एजंट भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. दहा गुंठे विकायचे ठरले, तर गिऱ्हाईकानं नेमके विहिरीकडचे मागितले. अडलेल्याला पर्याय नव्हता. आता उरलेल्या रानाला पाइपलाइन दुसऱ्याच्या बांधावरून न्यावी लागते आणि तो नेऊ देत नाही. दहा गुंठे गेले, त्यापायी दीड एकर जिरायत झालं.

ज्येष्ठांच्या चरितार्थाचा 2007चा कायदा आहे. प्रांताकडं अर्ज करता येतो, पण मूळ कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000. त्याच्या 23व्या कलमाचा उपयोग जास्त: सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते रद्द होऊ शकतं. आजीचा तुकडा हाच, फक्त स्टॅम्पपेपरवर.

त्या दहा गुंठ्यांच्या खरेदीखताला अण्णांच्या लेकीची सही लागत होती. ती करमाळ्याहून आली, कागद वाचला आणि भावांना म्हणाली, "करते सही. पण आईच्या नावचं रान आधी बाजूला काढा. त्यावर बोजा चढवायचा नाही."

भाऊ कबूल झाले. कोणतं रान काढायचं, यावर मात्र अजून भांडताहेत. माळाचं द्या म्हणतात.