रोलेक्स की ओमेगा : फेरविक्रीच्या तर्काचं खंडन

रोलेक्स सबमरीनर घ्यावं की ओमेगा स्पीडमास्टर, असं घड्याळांच्या कुणा हौशी जाणकाराला विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : सबमरीनर घ्या, विकायला गेलात तर पैसे परत येतात, ओमेगाची किंमत दुकानाची पायरी उतरताच पडते. हे उत्तर इतकं रुळलं आहे की घड्याळ घालणार कोण, कुठे आणि कसं, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. सबमरीनर उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो ते घेण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणाशी.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. रोलेक्सची मालकी संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांच्या नावाच्या न्यासाकडे आहे. भागधारकांना दर तिमाहीला नफा दाखवायचं ओझं नाही, त्यामुळे कंपनी मागणीच्या मागे धावत नाही. मागणी असलेल्या स्टीलच्या मॉडेलसाठी अधिकृत दुकानात नाव नोंदवून थांबावं लागतं आणि सवलतीचा विषयच निघत नाही. ओमेगा स्वॉच ग्रुपची. तिची मॉडेलं मुबलक, विशेष आवृत्त्या वारंवार निघतात, आणि दुकानदार थोडंफार कमी करतोही. साहजिकच वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात सबमरीनरचा भाव छापील किमतीच्या आसपास टिकतो, स्पीडमास्टरचा खाली येतो. निरीक्षण खरं आहे. त्यावरून काढलेला नियम मात्र टिकत नाही.

कारण हा सगळा हिशेब छापील किमतीपासून सुरू होतो. निव्वळ समजण्यासाठी आकडे धरू. सबमरीनरची छापील किंमत 10 लाख. यादीत नंबर न लागलेल्या माणसानं ते व्यापाऱ्याकडून साडेअकरा लाखांना घेतलं. तोच व्यापारी परत घेताना 10 लाखांच्या वर जाणार नाही, त्यालाही आपलं सुटायला हवं. म्हणजे दीड लाख गेले. दुसऱ्यानं 7 लाखांचं स्पीडमास्टर दोन वर्षं वापरलेलं, बॉक्स-पेपरसकट, साडेचार लाखांना घेतलं. वरची अडीच लाखांची घसरण पहिल्या मालकानं सोसलेली आहे. या गृहस्थांना विकताना फार तर पन्नास हजारांचा फटका बसेल. मग ‘पैसे टिकवणारं’ घड्याळ यातलं कोणतं? फेरविक्रीचा नफा-तोटा खरेदीच्या दिवशी ठरतो, आणि तो डायलवरच्या नावापेक्षा आपण कोणत्या भावाला, कितव्या हाती घेतलं यावर जास्त अवलंबून असतो.

‘मोडायला गेलं तर किती येतील’ हा प्रश्न आपल्या घरांना सोन्यानं शिकवला. पण सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. घट वजा जाता सराफ हातावर पैसे ठेवतो. घड्याळाला असा आधार नाही. 2020 नंतर स्टीलच्या स्पोर्ट्स घड्याळांचे भाव भडकले, 2022 च्या सुरुवातीला शिखर गाठलं आणि मग सपाटून उतरले. शिखरावर सबमरीनर घेणाऱ्याला रोलेक्सचं नाव वाचवू शकलं नाही. भारतापुरती आणखी एक गोष्ट : स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या एफ्टा गटाशी झालेल्या, ऑक्टोबर 2025 पासून लागू असलेल्या व्यापार करारानुसार स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर येणार आहे. पूर्ण शुल्क भरून घेतलेल्या घड्याळाला उद्या कमी शुल्काच्या नव्या घड्याळाशी स्पर्धा करावी लागेल.

रोलेक्सचाच इतिहास पाहा. डेटोना 1963 मध्ये आलं. त्यातल्या ज्या डायलला आज ‘पॉल न्यूमन’ म्हणतात, त्या डायलचं घड्याळ त्या काळी दुकानात पडून राहायचं. खुद्द अभिनेते न्यूमन यांचं डेटोना त्यांच्या पत्नीनं, जोन वुडवर्ड यांनी, दिलेलं. घड्याळाच्या मागच्या बाजूला जपून गाडी चालवण्याची विनंती कोरलेली. न्यूमन यांनी ते वर्षानुवर्षं हातात घातलं आणि पुढे मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलर आले. घेणाऱ्या-देणाऱ्यांपैकी कुणीही फेरविक्रीचं गणित मांडलं नव्हतं, आणि मांडलं असतं तर तेव्हाच्या बाजारानं त्यांना दुसरंच काहीतरी घ्यायला लावलं असतं.

मग निवड कशावर करायची? वापरावर. सबमरीनर 300 मीटरपर्यंत जलरोधक, स्वयंचलित, 70 तासांचा ऊर्जासाठा असलेलं. शनिवारी काढून ठेवलं तरी सोमवारी चालू मिळतं. मुंबईच्या दमट हवेत दुपारी मनगट फुगतं, तेव्हा त्याच्या ब्रेसलेटचं बकल दोन-दोन मिलिमीटरनं सैल करता येतं, अवजाराशिवाय. रोज घालणाऱ्याला ही सोय फेरविक्रीच्या आकड्याहून मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बेझल, म्हणजे डायलभोवतीची कडी, सिरॅमिकची : ओरखडा धरत नाही, पण दगडी फरशीवर नेमकी आपटली तर तडकू शकते.

स्पीडमास्टरचा स्वभाव वेगळा. ते चावीचं घड्याळ आहे, रोज किल्ली द्यावी लागते. जलरोधकता 50 मीटर, म्हणजे पावसात चालेल, पण पोहण्यासाठी मी ते सुचवणार नाही. मूळ परंपरेतल्या आवृत्तीची काच हेसालाइटची, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. तिच्यावर चरे पटकन पडतात, पण ती फुटून तिचे तुकडे उडत नाहीत. अंतराळयानात हाच गुण मोलाचा. नासानं 1965 मध्ये कसून चाचण्या घेऊन हे घड्याळ निवडलं. ते चरे पॉलिशची पेस्ट लावून, मऊ कापडानं पाच मिनिटं घासलं की घरीच निघतात. अचूकतेतही ओमेगा मागे नाही. तिची मास्टर क्रोनोमीटर चाचणी 15,000 गाउसचं चुंबकीय क्षेत्र सहन करायला लावते. दिवसभर लॅपटॉप आणि स्पीकरांच्या शेजारी बसणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

फेरविक्रीच्या धास्तीनं लोक घड्याळाचं नुकसानही करतात. विकण्याआधी चकाचक पॉलिश करून आणतात. लग्जच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, धारदार कडा गोल होतात आणि जाणकार खरेदीदार तिथेच भाव पाडतो. जुन्या घड्याळांत तर आपल्या शहराच्या नावानं बदनामी आहे : रंगवलेल्या डायलच्या, इकडचे-तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंग लावलं की अक्षरं जाड आणि फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत. मूळ, डागाळलेला डायल त्याहून कितीतरी जास्त किमतीला जातो.

तेव्हा पाण्यात उतरणाऱ्यानं, किल्लीचा कंटाळा असणाऱ्यानं सबमरीनर घ्यावं, पण यादीत थांबून, छापील किमतीलाच. ज्याला सकाळी किल्ली द्यायला आवडेल त्यानं स्पीडमास्टर घ्यावं : एका हातचं वापरलेलं, बॉक्स-पेपरसकट, पॉलिश न केलेलं.