आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कारातील तिरंदाजी

आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कार हा १४ ते २४ वर्षे वयोगटातील मुलामुलींसाठी असलेला स्वेच्छा उपक्रम आहे. त्यातील शारीरिक क्रीडा विभाग पूर्ण करण्यासाठी जे खेळ निवडता येतात, त्यांत तिरंदाजीचा (धनुर्विद्येचा) समावेश होतो. हा पुरस्कार स्पर्धा जिंकून मिळत नाही. ठरवलेला काळ नियमित सराव करून आणि स्वतःच निश्चित केलेल्या उद्दिष्टाकडे प्रगती दाखवून तो मिळवावा लागतो. महाराष्ट्रात, विशेषतः सोलापूर, सातारा यांसारख्या जिल्ह्यांत, तिरंदाजीची ओळख पदके, क्रीडा गुण आणि नोकरीतील आरक्षण यांच्याशी जोडलेली आहे. या पुरस्काराची चौकट तिच्याहून वेगळी असल्याने दोहोंतील फरक समजून घेणे सहभागी विद्यार्थ्याला आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

या उपक्रमाची सुरुवात १९५६ साली ब्रिटनमध्ये एडिनबराचे ड्यूक प्रिन्स फिलिप यांनी केली. त्यामागील शैक्षणिक विचार प्रामुख्याने जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांचा होता. हान यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली होती आणि फिलिप तेथील विद्यार्थी होते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे उपक्रमाचे पहिले संचालक झाले. आरंभी तो केवळ मुलांसाठी होता. १९५८ पासून मुलींसाठीही योजना सुरू झाली. भारतात हा उपक्रम १९६२ मध्ये आला. येथे तो 'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल' या नावाने ओळखला जातो आणि प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांमार्फत राबवला जातो.

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे दिल्या जाणाऱ्या जिल्हा युवा पुरस्काराशी याचा संबंध नाही. तो पुरस्कार सामाजिक कार्याबद्दल निवडक व्यक्तींना व संस्थांना दिला जातो. आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कारात निवड नसते. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. नावांतील साम्यामुळे दोहोंची गल्लत होण्याची शक्यता असते.

स्वरूप

पुरस्काराच्या कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पातळ्या आहेत. त्यांसाठी किमान वय अनुक्रमे १४, १५ आणि १६ वर्षे आहे. प्रत्येक पातळीवर सेवा, कौशल्य, शारीरिक क्रीडा आणि साहसी प्रवास असे चार विभाग असतात. सुवर्ण पातळीवर त्यांत निवासी प्रकल्पाची भर पडते. पहिल्या तीन विभागांसाठी कांस्यला किमान तीन महिने, रौप्यला सहा महिने आणि सुवर्णला बारा महिने द्यावे लागतात. कांस्य पातळीवर या तिन्हींपैकी एका विभागाला आणखी तीन महिने द्यायचे असतात. आधीची पातळी न करता थेट रौप्य किंवा सुवर्णला प्रवेश घेणाऱ्यालाही एका विभागात सहा महिने अधिक द्यावे लागतात. संपूर्ण काम वयाच्या पंचविसाव्या वाढदिवसापूर्वी पूर्ण व्हावे लागते.

आठवड्याला सरासरी एक तास ही मूळ अट आहे. ती वरवर सोपी वाटते, पण कस येथेच लागतो. कांस्यसाठी तेरा आठवड्यांत मिळून तेरा तास होतात. तथापि हे तेरा तास उन्हाळी शिबिरात एका आठवड्यात उरकता येत नाहीत. उपक्रम शाळेच्या तासिकांव्यतिरिक्तच्या वेळेत करणे अपेक्षित असते. प्रगतीवर लक्ष ठेवणारा मूल्यमापक त्या खेळाचा जाणकार असावा लागतो आणि तो सहभागीच्या कुटुंबातील नसावा.

तिरंदाजीचे स्थान

तिरंदाजी शारीरिक विभागात का मोडते, असा प्रश्न विचारला जातो, कारण तिरंदाज एका जागी उभा असतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक यादीत बंदूक किंवा पिस्तुलाने नेम साधण्याचा खेळ आणि डार्ट्स हे कौशल्य विभागात आहेत, तर तिरंदाजी शारीरिक विभागातील वैयक्तिक खेळांत आहे. हा भेद सयुक्तिक आहे. बंदुकीतील शक्ती काडतुसात असते, तर धनुष्यातील शक्ती प्रत्येक वेळी तिरंदाजाच्या पाठीतून आणि खांद्यातून येते. चाळीस पौंड ताणाच्या धनुष्याने ७२ बाण सोडले तर एकूण २,८८० पौंड, म्हणजे सुमारे १,३०० किलोग्रॅम भार ओढला जातो. शिवाय ७० मीटर अंतरावर सहा-सहा बाणांच्या बारा फेऱ्यांमध्ये बाण काढून आणण्यासाठी जवळपास १,७०० मीटर चालणे होते.

याच खेळाभोवतीची काही कामे अन्य विभागांतही बसतात. पंचगिरीचे नियम शिकणे, बाणांना पिसे बसवणे, प्रत्यंचा वळणे किंवा बांबूचे धनुष्य घडवणे ही कौशल्य विभागाची कामे होऊ शकतात. लहान मुलांना विनामोबदला शिकवणे किंवा स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून राबणे हे सेवा विभागात धरता येते. मात्र एकच तास दोन विभागांत मोजता येत नाही. चारही विभाग तिरंदाजीभोवती गुंफण्याचा मोह नियमांत बसला तरी उपक्रमाच्या हेतूशी सुसंगत नाही; विविध अनुभव मिळावेत हाच विभागणीमागचा उद्देश आहे.

उद्दिष्ट आणि नोंदी

तिरंदाजीची एक सोय अशी की प्रगती आकड्यांत दिसते. लक्ष्यफलकावर मध्यापासून बाहेर पिवळा, लाल, निळा, काळा आणि पांढरा असे पाच रंग असतात; प्रत्येक रंगात दोन वर्तुळे असून आतून बाहेर १० ते १ गुण मिळतात. ३६ बाणांच्या फेरीत कमाल ३६० गुण होतात. अंतर व फलकाचा आकार तोच ठेवून दर पंधरवड्याला अशी एक फेरी नोंदवली की वहीत आपोआप आलेख तयार होतो.

उद्दिष्ट मात्र केवळ गुणांत बांधणे धोक्याचे असते. नवशिक्याचे गुण पहिल्या महिन्यात झपाट्याने वाढतात, मग थांबतात, आणि अंतर वाढवले किंवा अधिक ताणाचे धनुष्य घेतले की खाली येतात. ही घसरण अपयशाची नसते. म्हणून पवित्रा स्थिर राखणे, हनुवटीखाली हात दर वेळी त्याच जागी टेकवणे, सहाही बाण फलकावर ठेवणे, बाणांचा पुंजका लहान करणे अशी उद्दिष्टे अधिक उपयुक्त ठरतात. पुंजका मध्यापासून दूर पण घट्ट असेल तर तिरंदाजाची कृती सातत्यपूर्ण आहे आणि केवळ नेमदर्शक सरकवण्याची गरज आहे, असा त्याचा अर्थ होतो. मध्याभोवती विखुरलेल्या बाणांपेक्षा असा पुंजका प्रशिक्षकाला अधिक समाधान देतो, हे गुणपत्रिकेत दिसत नाही.

परिमाणाचाही अंदाज ठेवावा. आठवड्याला ३६ बाण याप्रमाणे तेरा आठवड्यांत ४६८ आणि वर्षभरात १,८७२ बाण होतात. आंतरराष्ट्रीय स्तरावरील तिरंदाज सरावात एका दिवशी दोनशे ते चारशे बाण सोडतात. म्हणजे कांस्य पातळीचा संपूर्ण सराव हा त्यांच्या दोनेक दिवसांचा असतो. पुरस्कार पूर्ण झाल्याने कोणी स्पर्धात्मक तिरंदाज होत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

साधने व सुरक्षितता

भारतात तिरंदाजीचे तीन प्रकार प्रचलित आहेत. बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याचा भारतीय प्रकार ३० आणि ५० मीटरवर खेळला जातो. रिकर्व्हसाठी ज्येष्ठ गटात ७० मीटर अंतर आणि १२२ सेंटिमीटरचा फलक असतो. चाकांच्या साहाय्याने ताण हलका करणारे कंपाऊंड धनुष्य ५० मीटरवर वापरले जाते. स्पर्धायोग्य कंपाऊंड संचाची किंमत लाखाच्या घरात जाते. पुरस्कारासाठी अशा संचाची काहीही आवश्यकता नाही. संस्थेचे सामायिक बांबूचे धनुष्य, अग्रबाहूचे संरक्षक, बोटांसाठी चामडी पट्टी आणि स्वतःच्या मापाचे बाण एवढ्यावर काम भागते. यांपैकी बाणांच्या लांबीत तडजोड करू नये. आखूड बाण पूर्ण ताणल्यावर धनुष्याच्या मागे घसरतो आणि हाताला गंभीर इजा करू शकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या नवशिक्यास साधारण १४ ते २० पौंड ताणाचे धनुष्य आणि दहा मीटरचे अंतर पुरेसे असते.

मैदानावर शिट्टीचे संकेत पाळले जातात: दोन शिट्ट्यांना रेषेवर येणे, एकीला बाण सोडणे, तिनांना बाण आणण्यास जाणे आणि पाच किंवा अधिक शिट्ट्यांना तत्काळ थांबणे. बाण न लावता धनुष्य ताणून सोडू नये, हा नियम नवागताला सर्वप्रथम सांगितला जातो, कारण त्याने धनुष्याचे पाते तडकू शकते.

सोलापूर परिसरातील परिस्थिती

सोलापूर अवर्षणप्रवण पठारावर वसलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, त्यामुळे सराव सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत करणे श्रेयस्कर ठरते. बंद वाहनात ठेवलेल्या धनुष्याच्या पात्यांचे चिकटवलेले थर उष्णतेने सुटू शकतात. मैदान आखताना तिरंदाजाचे तोंड साधारणतः उत्तरेकडे ठेवतात, जेणेकरून सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येत नाही. पावसाळ्यात उघड्या माळावरचा पश्चिमेचा वारा बांबूच्या धनुष्याचे बाण सहज बाजूला नेतो. बारा महिन्यांचा सुवर्ण पातळीचा आराखडा करताना या ऋतूंचा विचार करावा लागतो. पाऊस वा परीक्षा यांमुळे खंड पडल्यास राहिलेले आठवडे पुढे भरून काढता येतात.

साहसी प्रवासाशी तिरंदाजीचा थेट संबंध नाही, पण या जिल्ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सोलापूर शहराजवळील नान्नजचे माळढोक अभयारण्य हे अभ्यासप्रवासासाठी सहज सुचणारे ठिकाण आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शस्त्र' या संज्ञेत धनुष्यबाणाचाही समावेश होतो आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करण्यास मनाई आहे. सरावाचे धनुष्य पाठीवर असताना तिकडे वळणे त्यामुळे कायद्याचा भंग ठरू शकते.

पदकांची वाट आणि पुरस्काराची वाट

महाराष्ट्रात धनुर्विद्या हा शालेय क्रीडा स्पर्धांमधील खेळ आहे. स्पर्धांतील सहभागाच्या व यशाच्या आधारे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव क्रीडा गुण मिळू शकतात, तर पात्र खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दोन्ही सवलती मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीवर अवलंबून आहेत. आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कार ही स्पर्धा नाही, म्हणून त्याचे प्रमाणपत्र क्रीडा प्रमाणपत्राची जागा घेत नाही. ज्या विद्यार्थ्याला दोन्ही हवे आहेत, त्याने स्पर्धांची नोंदणी स्वतंत्रपणे करावी. सरावाचे तास मात्र पुरस्काराच्या नोंदवहीत धरता येतात.

स्पर्धात्मक वाटेवर या भागाने मोठे यश पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याला लागून असलेल्या फलटण तालुक्यातील सरडे येथील प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या कुटुंबातून आले. शाळेतील शिक्षकांच्या प्रोत्साहनाने ते प्रथम धावण्याकडे वळले आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाज झाले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय रिकर्व्ह संघात ते होते. पुढे टोकियो व पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धांतही ते खेळले. साताऱ्याच्या अदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारातील जागतिक विजेतेपद पटकावले. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरावर १४९–१४७ अशी मात केली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद जिंकले.

अशा यशामुळे अनेक मुले या खेळाकडे वळतात. परंतु निवड चाचणीत बाद झाल्यावर, किंवा कंपाऊंड संचाचा खर्च न पेलल्यामुळे, त्यांतील पुष्कळांचा खेळ सुटतो. त्यांच्या दृष्टीने पुरस्काराच्या चौकटीला महत्त्व आहे. तेथे सहभागीची तुलना त्याच्या स्वतःच्या मागील नोंदींशी होते, जिल्ह्यातील अव्वल तिरंदाजाशी होत नाही. अपंग विद्यार्थ्यांनाही तीच संधी असते, कारण उद्दिष्ट ज्याच्या-त्याच्या क्षमतेनुसार ठरते. तिरंदाजीत खुर्चीवर बसून बाण सोडता येतो. जन्मतः हात नसलेल्या जम्मू-काश्मीरच्या शीतल देवीने पायाने धनुष्य धरून २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमार यांच्यासह मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले.

सहभागाची प्रक्रिया

नोंदणी शाळा, महाविद्यालय किंवा अन्य संलग्न संस्थेमार्फत होते. संस्थेतील मार्गदर्शक सहभागीसोबत बसून प्रत्येक विभागातील उपक्रम व उद्दिष्टे निश्चित करतो. त्यानंतर दर आठवड्याच्या सरावाची नोंद ठेवली जाते आणि कालावधी संपल्यावर मूल्यमापक आपला अभिप्राय लिहितो. तिरंदाजीबाबत हा अभिप्राय सहसा उपस्थिती, सुरक्षिततेचे पालन, साधनांची निगा आणि उद्दिष्टाकडे झालेली प्रगती यांवर असतो. ठरवलेले गुण गाठता आले नाहीत तरी प्रामाणिक प्रयत्न आणि प्रगती दिसल्यास विभाग पूर्ण धरला जाऊ शकतो. सराव सुरू करण्यापूर्वीच मूल्यमापक निश्चित करून घेणे हिताचे असते. प्रशिक्षक वर्षाच्या मध्येच बदलल्यास आधीच्या आठवड्यांच्या नोंदींवर त्याची स्वाक्षरी त्याच वेळी घ्यावी.